‘आज नको’ कुणी म्हणायचं?

मंडळी, एखादा सेलिंग क्लब किती सुरक्षित आहे हे पाहायचं असेल, तर मी लाइफ जॅकेटांचं कपाट उघडायला सांगत नाही. जॅकेटं असतातच. मी कमिटीतल्या तिघांना वेगवेगळं गाठतो आणि एकच विचारतो: वारा वाढला, तर आज पाण्यावर जायचं नाही, हे सांगायचा अधिकार कुणाला? एक म्हणतो सेक्रेटरीला, दुसरा म्हणतो कोचला. तिसरा म्हणतो, ‘आपली मंडळी अनुभवी आहेत हो, ज्याचं त्याला कळतं.’ हे तिसरं उत्तर सगळ्यांत धोक्याचं आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारं.

त्याला नियमाचाही आधार मिळतो. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या नौकानयनाच्या जागतिक संघटनेच्या शर्यतीच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की शर्यतीत उतरायचं की नाही आणि उतरल्यावर पुढे जायचं की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या नौकेचा. नियम योग्यच आहे. किनाऱ्यावर बसलेल्याला प्रत्येक नौकेची आणि नाविकाची तयारी कशी कळणार? पण समोरचं पाणी वाचता येणारा माणूस त्यात गृहीत धरलेला आहे. गेल्या महिन्यात सभासद झालेल्याला ते वाचता येत नाही. मग तो इतरांकडे बघतो. इतर शिडं चढवताहेत, म्हणजे हरकत नसावी. आणि इतर? तेही एकमेकांकडेच बघत असतात.

वारा फसवतो तो इथेच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर. 10 नॉटचा वारा 20 नॉट झाला, की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. त्यातून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल, तर धक्क्यावर उभं राहून काहीच कळत नाही. आडोसा असतो, काठाजवळ पाणी सपाट दिसतं. खरा वारा लागतो तो बरंच आत गेल्यावर, आणि तिथे काही मोडलं तर तोच वारा तुम्हाला आणखी लांब ढकलत नेतो.

म्हणून मर्यादा आकड्यात लिहा आणि लिहायची ती कोरड्या दिवशी, डोकं शांत असताना. नवशिक्यांसाठी अमुक नॉट, मुलांसाठी अमुक, सराईतांसाठी अमुक. आकडा कोणता, हे तुमचं पाणी, तुमच्या नौका आणि सोबतीला किती सेफ्टी बोटी, म्हणजे मदतीला धावणाऱ्या इंजिनच्या बोटी, आहेत यावर ठरेल. दुसऱ्या क्लबचा आकडा उचलू नका. आकडा ओलांडला की लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा चढतो आणि शर्यत पुढे ढकलली जाते. शर्यत चालवणाऱ्या रेस ऑफिसरला कुणाची समजूत काढत बसावं लागत नाही.

यावर ‘नवशिक्यांचं ठीक आहे हो’ असं म्हणणारे भेटतात. 2013च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या नामांकित स्पर्धेच्या सरावात एक मोठी दुहेरी सांगाड्याची नौका उलटून मोडली आणि अँड्र्यू सिम्पसन हा ब्रिटिश नाविक तिच्याखाली अडकून मरण पावला. हा माणूस 2008च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. त्यानंतर वाऱ्याची मर्यादा खाली आणली गेली. आधी 33 नॉट होती ती अंतिम लढतीसाठी 23 नॉट झाली. प्रेक्षक किनाऱ्यावर, जगभर थेट प्रक्षेपण, आणि तरीही वारा जास्त म्हणून काही शर्यती ढकलाव्या लागल्या. तिथे जर आकडा पाळता येतो, तर रविवारच्या क्लब शर्यतीत का येऊ नये?

आता मोजणीकडे वळतो. पाण्यावर किती जण गेले आणि किती परत आले, हे कुठल्याही क्षणी सांगता येणं ही क्लबची पहिली जबाबदारी आहे, असं मी मानतो. वही ठेवली जाते. पण जाताना सही होते आणि येताना विसरते, कारण येणारा माणूस भिजलेला, दमलेला असतो. त्यापेक्षा फळी बरी. भिंतीवर एक फळी, तिच्यावर आकडे टाकलेले खिळे, प्रत्येक खिळ्याला त्याच आकड्याचा बिल्ला. जाताना बिल्ला काढून जॅकेटला अडकवायचा, आल्यावर आपल्या हातानं परत लावायचा. संध्याकाळी फळीकडे नुसतं पाहिलं तरी रिकामा खिळा दिसतो. ही पद्धत कुठे मोडते तेही सांगतो. दोस्ताचा बिल्ला दुसराच कुणीतरी लावून टाकतो, किंवा कुणी बिल्ला जॅकेटवर तसाच ठेवून घरी जातो आणि इथे अंधारात बोटी शोधायला निघतात. असं एकदा झालं की लोक रिकाम्या खिळ्याकडे काणाडोळा करायला लागतात. म्हणून बिल्ला विसरणाऱ्याला पुढच्या वेळी सेफ्टी बोटीवर ड्यूटी लावा. दंडापेक्षा ती जास्त लक्षात राहते.

नौका उलटली की तिथेही आधी डोकी मोजायची. शिडाखाली किंवा दोऱ्यांत कुणी अडकलं असेल तर मिनिटांचा प्रश्न असतो. सेफ्टी बोटीवाले सवयीनं नौका सरळ करायला धावतात. नौका थांबेल, माणूस थांबणार नाही. दोरी कापायची सुरी बोटीत हाताशी हवी, डब्याच्या तळाशी नको.

सगळी डोकी दिसत असतील, तर मात्र नौकेला धरून राहायचं. 1979च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट या इंग्लंडमधून निघणाऱ्या खुल्या समुद्रातल्या शर्यतीला 303 नौका निघाल्या आणि वादळात शर्यतीतले 15 जण गेले. खलाशांनी 24 नौका सोडून दिल्या. त्यातल्या 5 बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. हे आकडे मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, कारण किनारा दिसत असला की पोहत जायचा मोह भल्याभल्यांना होतो.

आता ज्या बोटीच्या भरवशावर हे सगळं चाललंय, त्या सेफ्टी बोटीबद्दल. तिचं इंजिन हे क्लबमधलं सर्वांत धारदार हत्यार आहे. किल कॉर्ड नावाची लाल गुंडाळीची दोरी असते. एक टोक इंजिनच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. माणूस फेकला गेला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. 2013 साली इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ एका कुटुंबातले सहाही जण वेगातल्या बोटीतून बाहेर फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत त्यांच्या अंगावर येत राहिली आणि दोघं दगावली. दोरी बहुधा आळसानं सुटते: कुणाला तरी हात द्यायला वळायचं असतं, ती आड येते, म्हणून काढून ठेवतात. वळायचं असेल तर इंजिन बंद करा. रोज सकाळी इंजिन सुरू झाल्यावर दोरी एकदा ओढून ते खरंच बंद पडतंय का पाहा. आणि जादा दोरी बोटीत ठेवा, कारण चालवणाराच दोरीसकट पाण्यात पडला, तर उरलेल्याला इंजिन सुरू करता आलं पाहिजे.

जॅकेटांचं थोडक्यात सांगतो. जॅकेट किती जोरानं तरंगवतं हे न्यूटनमध्ये मोजतात. 50 न्यूटनचं जॅकेट शुद्धीवरच्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी असतं. बेशुद्ध माणसाचा चेहरा ते वर करेलच असं नाही. पट्टे सैल असतील तर कुठलंही जॅकेट पाण्यात वर सरकतं. आणि पाणी थंड असेल तर पहिल्या मिनिटात श्वास सांभाळणं हेच काम. पोहायचा विचार नंतर.

सभासदांचं रक्षण म्हटलं की आपण पाण्यापाशीच थांबतो. पण मुलं क्लबमध्ये येतात, ओले कपडे बदलतात, कोचच्या बोटीत बसून नजरेआड जातात. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला 2018 साली शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक जणींनी कोर्टात निवेदनं दिली. तक्रारी त्याआधी कितीतरी वर्षं होत होत्या. पण त्या जिथे पोचत, तिथल्या लोकांना संस्थेचं नाव जपायचं होतं. तेव्हा एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, असं बोटीतही नको आणि खोलीतही नको. मुलांशी निरोपानिरोपी पालक असलेल्या ग्रुपवरच व्हावी. आणि तक्रार ऐकणारा माणूस कोचचा मित्र किंवा कमिटीचा अध्यक्ष नसावा. ‘आमच्याकडे सगळे घरचेच आहेत’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो, तितकी माझी काळजी वाढते.

अपघात होता होता टळला, त्याची नोंद कोण ठेवतं? बूमचा, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा, दांडा कानाजवळून गेला, दोघं हसले, विषय संपला. विमानवाल्यांनी इथे आपल्यावर मात केली आहे. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळवू शकतात आणि ते पत्र ‘नासा’कडे जातं, शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नाही. क्लबला एवढा थाट नको. एक पेटी, एक कोरा कागद, आणि महिन्याच्या सभेत ते कागद मोठ्यानं वाचणारं कुणीतरी. फक्त ‘कुणी लिहिलं हे?’ असं एकदा जरी विचारलंत, तरी पेटी कायमची रिकामी राहील.

जाता जाता एक काम. सभासदत्वाचे फॉर्म उद्या बाहेर काढा. ‘जबाबदारी माझी मी घेतो’ या सहीवर फार विसंबू नका. क्लबचा निष्काळजीपणा दिसला तर अशी सही बहुतेक ठिकाणी फारशी टिकत नाही. त्याच्या खालचा रकाना वाचा: तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. नवऱ्यानं बायकोचा नंबर दिलेला असतो, बायकोनं नवऱ्याचा, आणि रविवारी दोघं एकाच नौकेत असतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या एकाचा नंबर प्रत्येकाकडून मागून घ्या.