हॅम्लेटचा किल्ला आणि ज्युलिएटची बाल्कनी

नमस्कार मंडळी! शेक्सपिअरचं एखादं नाटक डोक्यात बसलं की वाटतंच, ती जागा एकदा जाऊन बघावी. जरूर जा, फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हा माणूस इटलीला किंवा डेन्मार्कला कधी गेला होता याचा एकही पुरावा नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आधी नाटक गाजलंय आणि मग गावाने नटूनथटून नाटकासारखं दिसायला सुरुवात केलीय.

इटलीतल्या वेरोनाचंच बघा ना, 'रोमिओ आणि ज्युलिएट'चं गाव. ज्युलिएटचं घर म्हणून जे दाखवतात ते जुनं आहे, खोटं नाही, पण ते कापेल्लो घराण्याचं, आणि नाटकातल्या ज्युलिएटच्या कॅप्युलेट या आडनावाशी जुळतं एवढ्यावर सगळा डोलारा उभा! ती प्रसिद्ध बाल्कनी तर विसाव्या शतकात बसवलेली, नाटकाच्या संवादात आहे ती खिडकी. अंगणातल्या ब्राँझच्या ज्युलिएटला हात लावला की प्रेमात नशीब फळफळतं म्हणे, तर लोकांनी हात लावून लावून मूळ पुतळ्याला तडे पाडले आणि 2014 मध्ये तो आत हलवून बाहेर नक्कल ठेवावी लागली. मला विचाराल तर तिथे फोटो काढा आणि निघा, संध्याकाळ रोमन अरेनाजवळ, म्हणजे तिथल्या प्राचीन खुल्या प्रेक्षागृहाजवळ घालवा.

आता हॅम्लेटचा किल्ला, डेन्मार्कमधलं क्रोनबोर्ग. इथे मात्र दिवस राखून ठेवा. कोपनहेगनहून ट्रेनने पाऊण तासात हेल्सिंगोर येतं, नाटकातलं एल्सिनोर ते हेच. हॅम्लेटची मूळ दंतकथा इथली नाहीच, ती डेन्मार्कच्याच जटलंड भागातल्या आम्लेथ नावाच्या राजपुत्राची. पण 1586 मध्ये काही इंग्लिश नट इथे दरबारात खेळ करायला आले होते, त्यातला विल केम्प पुढे शेक्सपिअरच्याच कंपनीत होता. आता नाटकात राजाने प्याला उचलला की तोफ डागतात ना, असल्या दरबारी गप्पा या मंडळींकडूनच लंडनला पोचल्या असणार असं आपलं मला वाटतं. समोर सामुद्रधुनी, पलीकडे चारेक किलोमीटरवर स्वीडन, आणि तटावर उभं राहिलं की वारा असा झोडपतो की पहारेकऱ्यांचा पहिला प्रवेश आपोआप आठवतो. किल्ल्यात हॅम्लेटचे प्रयोगही होतात, 1937 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली हे गाजलेले ब्रिटिश नट-नटी आले होते तेव्हा असा पाऊस कोसळला की पहिला प्रयोग जवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये करावा लागला.

स्कॉटलंडला मॅकबेथच्या मागे जाणार असाल तर कॉडरचा किल्ला सुंदर आहे (नाटकात मॅकबेथला कॉडरची सरदारकी मिळते), पण तो बांधला गेला मॅकबेथ मेल्यावर काही शतकांनी, आणि नाटकात मॅकबेथ ज्याचा झोपेत खून करतो त्या राजा डंकनला खरं तर कोणी झोपेत मारलंच नव्हतं, तो 1040 मध्ये लढाईत पडला. मी तर म्हणेन किल्ले राहू द्या, टे नदीकाठचा बर्नमचा ओक बघा. बर्नमचं जंगल डन्सिनेनवर चालून येईपर्यंत मॅकबेथ हरणार नाही, आणि मग सैनिक फांद्या धरून येतात, ते भाकीत आठवतंय ना, त्या जुन्या जंगलाचा उरलेला अवशेष म्हणून हे झाड दाखवतात. फांद्या इतक्या जड झाल्यात की खालून लाकडी टेकू दिलेत. इथून डन्सिनेनची टेकडी, नाटकात मॅकबेथचा किल्ला असतो ती, साधारण 20 किलोमीटर, म्हणजे हातात फांद्या धरून सैनिकांनी बरीच तंगडतोड केली असती!

आणि लंडनचं ग्लोब, शेक्सपिअरच्या कंपनीचं थिएटर. मूळ थिएटर 1613 मध्ये जळालं, आठव्या हेन्रीवरच्या नाटकात तोफ उडवली आणि ठिणगी छपराच्या गवतात गेली. आजचं 1997 मध्ये सुरू झालं, मूळ जागेपासून थोडं बाजूला, आणि ते नवीन आहे हे कोणी लपवत नाही म्हणून मला आवडतं. नुसती बिल्डिंग बघून येऊ नका, प्रयोगाचं तिकीट काढा, तेही स्टेजसमोरच्या उघड्या अंगणात उभं राहायचं, ते सगळ्यात स्वस्त. अख्खं नाटक उभ्यानेच बघायचंय, डोक्यावर छप्पर नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा पायात आरामाचे बूट आणि पिशवीत रेनकोट घेऊनच निघा.