सुरळी झालेलं पान

(नागपुरात बागप्रेमींसमोर मे महिन्यात केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

ही कुंडी जरा वर धरतो, मागच्यांनाही दिसली पाहिजे. कॅलेथिया आहे, घरात ठेवायचं शोभेच्या पानांचं झाड. तुमच्यातल्याच एका काकूंनी आज आणून दिली. पानं बघा, विडीसारखी वळलीत. काकू म्हणाल्या, "भाऊ, पाणी तर मी रोज घालते." ते "रोज" लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आधी रोग नसलेल्या दोन गोष्टी सांगून टाकतो. हे झाड केळी, हळद, कर्दळ यांच्या गणातलं. केळीचं नवं पान सुरळी होऊनच बाहेर येतं, तसं याचंही येतं. ती सुरळी बोटांनी उलगडायला जाऊ नका, फाटते. दुसरं म्हणजे रात्री याची पानं हात जोडल्यासारखी उभी होतात. देठाच्या टोकाला फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींत पाणी कमीजास्त झालं की पान वरखाली होतं. एका गृहस्थांनी मला रात्री साडेनऊला फोटो पाठवून कोणतं औषध मारू म्हणून विचारलं होतं. म्हटलं, झोपू द्या त्याला. (बाय द वे, शास्त्रज्ञांनी २०१२ साली यातल्या बऱ्याच जाती गॉपर्शिया या नावाखाली नेल्या. नर्सरीवाल्याला हे सांगायला जाऊ नका, तो तुम्हाला काहीच देणार नाही.)

आता खरं वळणं. भर दुपारी ज्वारीच्या वावरात गेला असाल तर पानांचे पोंगे झालेले पाहिले असतील. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा हवा जास्त ओढायला लागली की पान स्वतःची उघडी बाजू कमी करतं. आणि आपली हवा किती ओढते? २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना ५१ ग्रॅम. म्हणजे मे महिन्यातली कोरडी हवा ही मोठ्ठी रिकामी पोतडी आहे. ब्राझीलच्या ओलसर जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे झाड, त्याला आपण नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या ऐन तापाच्या नऊ दिवसांत, पश्चिमेच्या खिडकीत बसवतो!

म्हणून सगळे पाणी घालतात. इथंच घात होतो. कारण मुळं कुजली तरी पान असंच मान टाकतं, वळतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणजे कुंडी चिंब आणि झाड तहानलेलं. माझं स्वतःचं एक मोठं झाड असंच ऑगस्टमध्ये गेलं. पानं वळली, मी उन्हाळ्याच्या सवयीनं मगानं पाणी ओतत राहिलो. उपटलं तेव्हा मुळाची साल हातात मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. वास तर विचारूच नका. तेव्हापासून पान वळलं की मी आधी महिना पाहतो, मग माती.

आणि माती वरून पाहायची नाही. खराट्याची काडी घ्या, कुंडीच्या मधोमध, झाडाला लागून तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काकूंच्या कुंडीत मघाशी तेच केलं. वरचं बोटाचं पेरभर ओलं, खाली काडी खडखडीत कोरडी. कुंडी उलटी करून पाहिली तर बाहेरून आपली काळी माती आणि पोटात नर्सरीतला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा, गोळा तसाच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी घ्यायला तयार होत नाही. काळी माती आकसून कुंडीच्या कडेला फट पडते. काकूंचं रोजचं मगभर पाणी त्या फटीतून थेट बशीत. बशीत पाणी दिसतं, काकूंना समाधान.

यावर इलाज साधा आहे. अख्खी कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढून पूर्ण निथळू द्यायची. कुंडी बदलायची असेल तर पाऊस पडू द्या, ऐन नवतपात मुळांना हात लावू नका. तेव्हा निव्वळ काळी माती नको. कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू किंवा धानाचं तूस घाला.

हवेच्या बाबतीत मात्र आपण नागपूरकर नशीबवान आहोत. एसी खोली कोरडी करतो, कूलर ओली करतो. कूलरच्या खोलीत ठेवा, फक्त झोताच्या तोंडाशी नको, बाजूच्या कोपऱ्यात. दिवसातून चार वेळा फवारे मारणारे मला भेटतात. दहा मिनिटांत ते पाणी उडून जातं, हाताला व्यायाम होतो तेवढाच.

पण कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंडीत ओतू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि टाकीत साचत जातात. खसवर पांढरी खपली धरते ना, तीच. त्यानं पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात. वाया जाऊ नये म्हणून ओततो, असं लोक म्हणतात. अंगण धुवा. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी मात्र शोभेच्या झाडांना चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

काडी तळापर्यंत ओलसर आली, मुळं पांढरी घट्ट आहेत, तरी पान वळतंय? मग पान उलटं करा. खाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. पडलेले ठिपके चालायला लागले तर लाल कोळी, पानाखाली बारीक जाळं विणणारी कीड. कोरडं गरम वातावरण त्याला भारी मानवतं. पानामागचा प्रत्येक भाग नळाखाली धुवा, मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आधी एकाच पानावर मारून पाहा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी हजर.

कडा वाळल्या असतील तर त्या पुन्हा हिरव्या होणार नाहीत, कात्रीनं काढा आणि पुढच्या सुरळीची वाट पाहा. आता कुंड्या घेऊन एकेक पुढे या. ज्यांच्या पानाखाली जाळं आहे त्यांनी मात्र कुंडी दाराबाहेरच ठेवा, मीच तिथं येतो.