अहवाल वाचणार कोण?

(चित्रपट रसास्वाद शिबिरातल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

सकाळपासून चहाच्या टेबलाशी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, सर, सुरुवातीला कोणता कॅमेरा घेऊ? चौथा जरा व्यवहारी निघाला. त्याने विचारलं, प्रोड्युसर कुठे भेटतो? चौघांनाही मी काहीतरी सांगून वाटेला लावलं, कारण नीट उत्तर द्यायचं तर तासभर लागला असता. तो तास आता मिळालाय. कॅमेऱ्याचं तेवढं आत्ताच सांगून टाकतो: मित्राचा उसना आणा.

आज मी दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांच्याबद्दल बोलणार आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचा ‘दहावी फ’ शाळेत असताना पाहिला असेल, बहुधा शाळेनेच दाखवला म्हणून. दहावीच्या ‘फ’ तुकडीतली, सगळ्यांनी ओवाळून टाकलेली मुलं रागाच्या भरात शाळेची प्रयोगशाळा फोडतात आणि मग स्वतः पैसे जमवून ती पुन्हा उभी करायला निघतात. शाळेने दाखवलेला सिनेमा म्हटलं की आपण त्याला उपदेशाच्या कप्प्यात टाकतो आणि विसरतो. म्हणून थोडं मागे जाऊन सुरुवात करू.

बाईंचा जन्म 1943चा, पुण्यातला. फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवलं. मधल्या काळात दिल्ली आकाशवाणीवर मराठी बातम्याही दिल्या. यात सिनेमा कुठे आहे? कुठेच नाही. देशातली नावाजलेली चित्रपटसंस्था त्यांच्याच गावात, लॉ कॉलेज रस्त्यावर, पण त्या तिथल्या विद्यार्थिनी कधीच नव्हत्या. त्या समाजशास्त्राच्या संशोधक होत्या. वस्तीत जायचं, बायकांशी बोलायचं, लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम.

आता संशोधनाची रीत तुम्हाला माहीत आहे. माहिती गोळा करायची, अहवाल लिहायचा, चर्चासत्रात वाचायचा, जेवण करून घरी जायचं. पण जिने चुलीपुढे बसून, पोराला मांडीवर घेऊन दोन तास आपला जन्म सांगितला, तिच्या हाती काय येतं? अहवाल येत नाही आणि आला तरी तिला तो वाचता येत नाही. झोपडपट्टीतल्या बायकांवरच्या अभ्यासात भावे या प्रश्नाशी येऊन थांबल्या. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाच जर हे कळणार नसेल, तर ते कशात सांगावं? उत्तर निघालं, चित्रात. 1985 साली ‘बाई’ हा लघुपट झाला, पुढे ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तेव्हा बाईंचं वय बेचाळीसच्या घरात होतं. इथे तेविसाव्या वर्षी ‘सर, उशीर झाला का’ म्हणणारे बसलेत, त्यांच्यासाठी हा आकडा मुद्दाम सांगितला.

मला यात फार मोलाची वाटते ती क्रमाची गोष्ट. आपल्याकडे आधी ‘मला दिग्दर्शक व्हायचंय’ असतं आणि मग विषयाचा शोध सुरू होतो. इथे विषय घरात येऊन बसलेला होता, सांगायची सोय तेवढी नव्हती. कॅमेरा त्या अडचणीपोटी आला. मी स्वतः एके काळी वीटभट्टीवर लघुपट केला होता. चार महोत्सवांना पाठवला, एकात प्रमाणपत्रही मिळालं. भट्टीवर मात्र दाखवायचा राहिला. दोन वर्षांनी आठवण झाली आणि गेलो, तर भट्टी उठलेली आणि माणसं कुठल्या कुठे गेलेली. ते प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढून ठेवलंय.

सुनील सुकथनकर त्यांचे सहदिग्दर्शक. ते मात्र लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्याच संस्थेत, एफटीआयआयमध्ये, दिग्दर्शन शिकलेले. दोघांनी मिळून पन्नासच्या वर लघुपट केले आणि चित्रपट दीड डझनाच्या आसपास. भावे पटकथा-संवाद लिहायच्या, कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही अनेकदा त्यांचीच. सुकथनकर गाणी लिहायचे. म्हणजे ओट्यावरच्या पातेल्यापासून बाईच्या पदरापर्यंत जे काही दिसतं, ते लिहिणारीनेच निवडलेलं. संशोधनाच्या वहीत घराचं वर्णन करायची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्या कुणी घर सजवून दिलेलं कसं चालेल?

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात चमत्कार नाही. पहिला मोठा चित्रपट ‘दोघी’, 1995, एनएफडीसी म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून. पुढे जो विषय, त्या विषयाची कळकळ असलेली माणसं आणि संस्था शोधायची. स्किझोफ्रेनियावरच्या ‘देवराई’साठी ती वेगळी, कोडावरच्या ‘नितळ’साठी वेगळी. शेवटच्या टप्प्यात मोहन आगाशे निर्माते म्हणून उभे राहिले. ते अभिनेते आहेत तसेच मानसोपचारतज्ज्ञही, त्यामुळे या गोष्टींचं वजन त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. मघाच्या चौथ्या मित्राला एवढंच सांगेन, की ‘सिनेमा करायचाय, पैसे द्या’ म्हणून गेलात तर दार लोटलं जातं. अमुक आजार झालेल्या घरात काय होतं ते दाखवायचंय, असं म्हणून गेलात तर निदान पाणी तरी विचारतात.

तर देवराई, नितळ, अस्तु, कासव. यादी ऐकून कुणाला वाटेल, बाईंनी दवाखानाच उघडला होता. त्या काळातही ‘सामाजिक विषयांवरचे सिनेमे’ हा शिक्का त्यांच्यावर बसलाच. तो सगळा खोटा नाही. त्यांच्या काही चित्रपटांत माणसं फार बोलतात आणि फार शहाणपणाने बोलतात. चांगल्या मुद्द्यासाठी प्रसंग ताणलेला कळतो. हे मी भक्त असून म्हणतोय.

पण नीट पाहा, गोष्ट कुणाची आहे? ‘देवराई’त शेष आजारी आहे, अतुल कुलकर्णी. कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो तो त्याच्या बहिणीकडे, सोनाली कुलकर्णीकडे. तिचं घर, नवरा, संसार, आणि मधोमध हा भाऊ. आजाऱ्याचं दुःख दाखवायला आपण सगळेच धावतो. शेजारी उशाशी बसलेल्या माणसाचा थकवा, त्याचा राग, त्या रागाची त्याची त्यालाच वाटणारी लाज, हे कोण दाखवतं? ज्या बाईने आयुष्याची कित्येक वर्षं उंबऱ्यात बसून लोकांच्या घरची कहाणी ऐकली, तिला हे माहीत असतं. घरात आजारी माणसाबद्दल विचारलं की उत्तर कोण देतं? सांभाळणारी बाई.

‘अस्तु’ घ्या. मोहन आगाशे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत, चक्रपाणी शास्त्री. अल्झायमरने एकेक गोष्ट पुसली जातेय. मुलीबरोबर गाडीतून बाहेर पडलेले असताना रस्त्यात हत्ती दिसतो आणि म्हातारा त्या हत्तीमागे निघून जातो. बस. इथून पुढे एकीकडे मुलगी वेड्यासारखी शोधतेय, आणि दुसरीकडे हे माहुताच्या बिऱ्हाडात पोचलेत. माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष, हिची भाषा वेगळी. हे कोण, कुठले, तिला ठाऊक नाही. पण ती त्यांना भरवते, स्वच्छ करते. आणि आयुष्यभर श्लोक शिकवलेला हा माणूस, स्वतःच्या मुलीहून लहान असलेल्या त्या बाईला आई म्हणू लागतो.

गंमत म्हणजे इथे प्रेक्षक अडचणीत येतो. चन्नम्माला तो ओझं वाटत नाही, कारण तो पूर्वी कोण होता हेच तिला माहीत नाही. मुलीला मात्र तो कोण होता ते सगळं माहीत आहे, म्हणून आत्ताचा सोसवत नाही. भावेंनी यात मुलीला खलनायिका केलेलं नाही. वस्तीतल्या चार पिढ्यांच्या कहाण्या ऐकलेला माणूस कुणाला पटकन दोषी ठरवत नसावा. या चित्रपटाच्या संवादांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा.

आणि आता ‘कासव’, 2016. सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. ‘श्यामची आई’पासून मोजलं तर मराठीला मिळालेलं पाचवं. इरावती हर्षेची जानकी स्वतः खोल नैराश्यातून कशीबशी वर आलेली आहे. तिला वाटेत एक मुलगा सापडतो, आलोक राजवाडे, जीव द्यायला निघालेला. ती त्याला कोकणातल्या घरी आणते. आणि विचारत काहीच नाही. नाव काय, घर कुठलं, असं का केलंस, काही नाही. स्वयंपाक करणारा आहे, ड्रायव्हर आहे, किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारे दत्ताभाऊ आहेत. कासवीण येते, वाळूत अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं आपली आपण पाण्याकडे चालतात. राखणाऱ्याने कुत्री-कोल्ही तेवढी दूर ठेवायची. हात लावून पुढे ढकलायचं नाही. या घरातही त्या मुलाला कुणी ढकलत नाही.

मला हे पाहताना 1985 आठवतं. प्रश्न विचारणं हेच जिचं काम होतं, ती बाई तीस वर्षांनी अशी नायिका लिहिते जी एकही प्रश्न विचारत नाही. कुठल्या पुस्तकात हे मिळालं नसतं.

त्यानंतरची ‘दिठी’ त्यांनी एकटीने दिग्दर्शित केली. दि. बा. मोकाशींच्या कथेवर, आणि त्या कथेचं नाव ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तल्या ओवीवरून आलंय. वारकरी लोहार रामजी, किशोर कदम, त्याचा तरणा मुलगा पुरात गेलाय. बाहेर धुवांधार पाऊस, आणि गावात एक गाय अडलीय. ती सोडवायला रामजीचेच हात लागतात. भावे 19 एप्रिल 2021ला गेल्या आणि हा चित्रपट महिनाभराने ओटीटीवर आला. तेव्हा टाळेबंदी होती. पावसाचा एवढा आवाज असलेला सिनेमा मी फोनवर, कानात वायर घालून पाहिला. तो मोठ्या पडद्यावर पाहायचा माझा अजून राहिलाय.

चला, आता ‘कासव’ लावतोय. पंखे चालू राहू द्या, उकडतंय. मागच्यांनी दार लोटून घ्या आणि ती खिडकीची सतरंजी नीट ताणा, डाव्या कोपऱ्यातून ऊन पडद्यावर येतंय.