कार्डावरचं पहिलं नाव

नमस्कार, आया-बहिणींनो. निपाणीपासून खानापूरपर्यंत जिच्या जिच्या घरात आत्ता रेडिओ लागलाय, तिच्याशी थोडं बोलते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव, तिच्या खात्यात महिन्याला २,००० रुपये. त्यावरून भांडलेल्या सासवा-सुना आमच्या समुपदेशनाच्या खोलीत येऊ लागल्या. एक जोडी मनातून जात नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. सासू मराठी, विधवा. सून गोकाककडची, कन्नड बोलणारी. "नाव माझं, पैसे माझे," सासू म्हणायची. "राबते मी," सून म्हणायची. सुनेच्या हळदीकुंकवाला सासू आतल्या खोलीत बसून राहायची, तेही दुखणं होतंच.

गावचे पंच हजार-हजार वाटून घ्या म्हणाले होते. आम्ही दोघींना आधी वेगवेगळं बसवलं. जिला ज्या भाषेत रडू येतं, तिला त्या भाषेत बोलू दिलं. मग दोघींना तेच विचारलं: उसाचं बिल कोणाच्या खात्यात येतं? जमिनीच्या उताऱ्यावर नाव कोणाचं?

दोघीही गप्प झाल्या. बिल मुलाच्या खात्यात, उताराही त्याच्याच नावावर. नवऱ्यामागे विधवेला वाटा मिळतो हा कायदा १९५६ चा, पण त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं.

यालाच स्त्रीवादी समुपदेशन म्हणतात. बाईच्या स्वभावात खोट शोधण्याआधी घरात सत्ता कोणाकडे आहे ते बघायचं. याचा अर्थ सासूनं केलेला छळ आम्ही झाकतो असा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला सासूविरुद्ध दाद मागता येते, आणि मारझोड करणाऱ्या मुलाविरुद्ध आईलाही. मदतीसाठी १८१ वर फोन लावा.

आईलाही, हे ऐकलं आणि सासूनं पदर सरकवून दंडावरचा वळ दाखवला. सून बघतच राहिली. तिच्याही पाठीवर तसाच होता.

"अत्ती, मला सांगायचं नव्हतं का?"

"तू तरी कुठं सांगितलंस गे?"

पुढच्या खेपेला दोघी एकाच बसनं आल्या. वाटणीचा विषय निघाला नाही. उताऱ्यावर नाव चढवायला कोणकोणते कागद लागतात, ते सून विचारत होती, सासूसाठी.