आज बसायचं ना?

श्रोतेहो, नमस्कार.

"आज बसायचं ना?" ऑफिसात या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. टार्गेट गाठलं की बसायचं, हुकलं तरी बसायचं. मी सेल्समधला माणूस. बढती कुणाची, मोठा क्लायंट कुणाकडे जाणार, ही खरी बोलणी त्या टेबलावरच व्हायची. दारू सोडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो त्या टेबलावरची जागा जाईल म्हणून.

पहिल्या पार्टीत मी रिकाम्या हाताने उभा राहिलो. तिथेच चुकलं. रिकामा हात दिसला की कुणीतरी ग्लास आणून ठेवतोच. पुढच्या वेळी आत शिरलो तो थेट काउंटरवर गेलो, लिंबू पिळून सोडा घेतला आणि ग्लास स्वतःच भरत राहिलो. आधी मी अ‍ॅसिडिटी, गोळ्या चालू आहेत, सकाळी मीटिंग आहे, असं काहीबाही सांगायचो. पण कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो, "मग बिअर घे." आता "मी घेत नाही" एवढंच म्हणतो आणि विषय बदलतो.

1935 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन एका व्यवहारासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. व्यवहार फिसकटला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, आतून हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसरीकडे टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला. त्या फोनाफोनीतून त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. तेही दारूने बेजार झालेले. त्या दोघांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभं राहिलं, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांची संघटना. तिथे फी नसते. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

मला त्या गोष्टीतला टेलिफोन फार जवळचा वाटतो. पार्टीला निघण्याआधी मीही एकाला फोन करतो आणि घरी कधी परतणार ते सांगून ठेवतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट, भ्रम, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना गाठा. ओढ कमी करणारी औषधंही आहेत.

आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील तर कामाचं बोलणं कामाच्या वेळेत करा. कुणी नको म्हणालं तर कारण विचारू नका. माझ्या एका साहेबांनी भर पार्टीत वेटरला नुसतं "यांना सोडा" सांगितलं आणि पुढच्या तिमाहीबद्दल माझ्याशी बोलायला लागले. त्या रात्री मी पहिल्यांदाच जेवण होईपर्यंत थांबलो.