बर्फ तिकडे, हुडहुडी इकडे

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाचं काय ते आपल्याला सांगू नये कोणी. ४५ अंशांत लग्नाच्या पंगती उठवणारी विदर्भातली माणसं आपण. डोक्याला दुपट्टा बांधला, खिशात कांदा टाकला, की निघालो. पण पारा ८-९ वर आला रे आला, की अख्खं गाव उन्हाच्या तुकड्यात ओट्यावर येऊन बसतं आणि एकमेकांना तेच तेच सांगतं, "काय थंडी हाय ना बाप्पा!" त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपली घरं, आपले कपडे, आपल्या सवयी उन्हाळ्याच्या हिशेबानं घडल्या आहेत. थंडी येते चार दिवसांची पाहुणी म्हणून, आणि पाहुणीसाठी कोणी वेगळं घर बांधत नाही.

तरी ही पाहुणी कधी कधी फारच अंगावर येते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्याआधीचा नीचांक १९३७ च्या जानेवारीतला, ३.९ अंशांचा. हे येतं कुठून? पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी ढगाळ, वादळी हवा, आले की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो. ते पुढे सरकले, आभाळ मोकळं झालं, की त्या बर्फावरून आलेले कोरडे उत्तरेचे वारे मध्य प्रदेश ओलांडून आपल्यापर्यंत पोचतात. समुद्र आपल्यापासून लांब, त्यामुळे थंडीला ऊब देणारं असं वाटेत काही नाही. बर्फ पडतो तिकडे, हुडहुडी भरते इकडे. म्हणून टीव्हीवर शिमल्याचा बर्फ दिसला, की लाकडं आत घ्यावीत आणि गोधड्यांना ऊन दाखवून ठेवावं.

आता माझा मुख्य मुद्दा. रेडिओवर सांगतात तो आकडा तुमच्या शेताचा नसतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. निरभ्र रात्री वारा पडला की जमीन आपली ऊब भराभर आभाळात सोडते, आणि सगळ्यात गार होतो तो जमिनीलगतचा थर. पेटीत ४ अंश असतात, तेव्हा गवताच्या टोकाशी शून्य असू शकतं. शिवाय गार हवा जड. ती उतारानं खाली वाहते आणि नाल्याकाठच्या खोलगट वावरात येऊन बसते. टेकाडावरची तूर हिरवीगार आणि तिच्याच खालच्या पट्टीतली काळवंडलेली, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दोष ना बियाण्याचा, ना औषधाचा. जागाच थंडीच्या वाटेवरची.

चिखलदऱ्याला किंवा मेळघाटात सेमाडोहकडे पहाटे कधी दव गोठतं तेही ह्याच कारणानं. गाडीच्या टपावर, वाळल्या गवतावर कोणी बारीक मीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो आभाळातून पडत नाही, जागच्या जागी गोठतो, आणि ऊन वर आलं की घटकाभरात जातो. पाहायचा असेल तर सूर्य उगवायच्या आत बाहेर पडावं लागतं. पोरांना एकदा तरी दाखवा. आपल्याकडे पांढरं म्हणजे दुसरं काय दिसतं? गारा. आणि गारांचं कौतुक ज्याच्या झाडाला संत्रा नाही त्यानं करावं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यानं पाहिली, त्याला आंगण पांढरं झालेलं आजही नको वाटतं.

शेतातल्या थंडीचं पाहू. गव्हाला ही थंडी मानवते, फुटवे चांगले येतात. त्याची काळजी नको. तुरीला मात्र फुलोऱ्यात धुई, म्हणजे धुकं, आणि कडाका दोन्ही बाधतात. ज्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ आहे, वारा ठप्प आहे आणि दिवस कलताच बोटं काकडायला लागली आहेत, त्या संध्याकाळी जमलं तर हलकं ओलीत करा. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. हरभऱ्याला मात्र हात राखून, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करण्याची जुनी पद्धत आहे, पण माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. वारा जरा हलला की धूर शेजाऱ्याच्या वावरात जातो, आणि ठिणगी जाते तुरीच्या गंजीत.

पिकापेक्षा मला काळजी ओलीत करणाऱ्याची वाटते. शेतीची लाईन पाळीपाळीनं येते, आणि रात्रीची पाळी नेमकी कडाक्यात आली की माणूस मध्यरात्री दांडावर उभा. रात्रीचं सगळ्यात कमी तापमान असतं सूर्योदयाच्या आसपास. म्हणजे आता उजाडतंच आहे म्हणून जीव थोडा सैलावतो, तीच वेळ सगळ्यात वाईट. विहिरीतून आलेलं पाणी त्या वेळी चक्क कोमट लागतं, त्यातून वाफ निघताना दिसते. पाय पाण्यात असेतो बरं वाटतं. बाहेर काढले, ओल्या धोतराला किंवा पँटला वारा लागला, की अंगातली ऊब झपाट्यानं जाते. म्हणून गमबूट घाला, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पन्नीत गुंडाळून मोटारीच्या खोलीत ठेवाच. बोटं बधिर झाली तर एकदम जाळावर धरू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. काखेत धरा. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका, हे दर वर्षी सांगावं लागतं आणि दर वर्षी कुठे ना कुठे तेच होतं. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, जाणाऱ्यांनी एकट्यानं जाऊ नये, बॅटरी आणि काठी सोबत असावी. रोही-डुकरांसोबत आता वाघ-बिबट्याचंही पाहावं लागतं.

आणि थंडी पळवायची म्हणून 'थोडीशी' घेणाऱ्यांसाठी सांगतो. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून गरम वाटतं. खरं तर पोटातली ऊब बाहेर पडत असते. घेतलेला माणूस बांधावर झोपला, की त्याला थंडी वाजल्याचंही कळत नाही.

घरात या. कवेलूचं, मातीच्या भिंतीचं घर थंडीत बरं. टिनाची खोली उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात विहीर. रात्री टीन इतकं गार होतं, की आपल्या श्वासाची वाफ त्याला आतून लागून थेंब टपकतात. टिनाखाली जुन्या चादरीचं किंवा बारदान्याचं छत ताणलं, तर खूप फरक पडतो. पण ऊब हवी म्हणून दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत घेऊन झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या वायूला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. शेगडीवर शेका, मग ती बाहेर ठेवा आणि झोपा. म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब थंडीत वाढतो. बाबांचं पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर होऊ द्या, आणि गोळी चुकू देऊ नका. गुरांच्या कोठ्यात खाली कोरडं कुटार पसरा, वाऱ्याच्या बाजूला पोती टांगा. नुकत्या जन्मलेल्या करडाला पोत्याचा अंगरखा घातलेला पाहून पोरं हसतात, हसू द्या.

एवढं केलं, की थंडीसारखं सुख नाही. ह्याच दिवसांत शेतात हुळा होतो. हरभऱ्याची घाट्यांनी लदलेली झाडं मुळासकट उपटायची, वाळल्या काडीकचऱ्यावर आडवी टाकायची आणि पेटवायचं. तडतड सुरू होते, हिरवा धूर डोळ्यांत जातो, घाटे वरून काळे होतात. जाळ खाली बसला, की राख फुंकायची आणि गरम गरम घाटे तळहातावर चोळायचे. आतला दाणा अजून हिरवा, मऊ, कडेला जरा करपलेला. बोटं, ओठ, नाक सगळं काळं. मीठ कोणी आणलं नाही यावरून एकदा भांडण होतंच. घरी तुरीच्या सोल्यांची आमटी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. हे जिन्नस उन्हाळ्यात कितीही पैसे टाका, ह्या चवीचे मिळत नाहीत.

नवेगावबांधसारख्या तलावांवर ह्याच दिवसांत पट्टकादंब हंस उतरतात. तिबेट-मंगोलियाच्या बर्फातून हिमालय ओलांडून ते येतात, आणि आपण जिला कडाका म्हणतो तिला ऊब समजून पाण्यात निवांत डुंबतात. शेकोटीजवळ कुरकुरणाऱ्या घरच्या माणसाला ते एकदा नेऊन दाखवण्यासारखं आहे.

आणि झाडीपट्टीतल्या श्रोत्यांना तर मी काय सांगावं! गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, आणि हजारो माणसं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर बसून पहाटेपर्यंत नाटक पाहतात. जाणार असाल तर एक करा. शाल सगळेच नेतात. सोबत जाड पोतं किंवा दुहेरी घडी केलेली सतरंजी बुडाखाली घ्यायला न्या, जमिनीची थंडी खालून चढते. कानटोपी न्या. आणि तिसऱ्या अंकापर्यंत चहावाल्याकडचं दूध संपतं, तेव्हा चहा आधीच पिऊन घ्या.

नमस्कार.