नेपाळमध्ये पाम पिकत नाही

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

आकुर्डीच्या कारखान्यात तयार झालेल्या तीनचाकी रिक्षा भारत आणि श्रीलंका यांच्यात मुक्त व्यापार करार होण्याच्या कितीतरी आधीपासून कोलंबोच्या रस्त्यांवर धावत होत्या. अंतर कमी असले आणि दोन्हीकडच्या ग्राहकांची ऐपत व गरज मिळतीजुळती असली, की शेजारी देश कराराविनाही एकमेकांचा माल घेतात. मग करार नेमके काय बदलतो? माझ्या मते करारात दिलेल्या सवलतींपेक्षा त्यातून वगळलेल्या वस्तूंची यादी आणि मालाचे मूळ, म्हणजे तो कोणत्या देशाचा मानायचा, हे ठरवण्याचे नियम या दोन गोष्टी व्यापाराला अधिक वळण लावतात, आणि नेमक्या त्याच गोष्टींवर वृत्तपत्रांत सर्वांत कमी लिहिले जाते.

सिद्धांताची बाजू थोडक्यात सांगतो. जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने 1950 मध्ये दाखवून दिले की, प्रादेशिक सवलतींमुळे दोन गोष्टी घडू शकतात. घरचा महाग माल मागे पडून शेजाऱ्याचा स्वस्त माल येतो, ही व्यापाराची निर्मिती. आणि दूरच्या देशाचा खरोखर स्वस्त माल केवळ शुल्कामुळे बाजूला पडून शेजाऱ्याचा तुलनेने महाग माल येतो, हे व्यापाराचे विचलन. दक्षिण आशियात मात्र एक तिसराच प्रकार ठळकपणे दिसला. माल दूरच्याच देशाचा राहिला, त्याने फक्त शेजाऱ्याच्या दारातून प्रवेश केला.

भारत-श्रीलंका करारावर डिसेंबर 1998 मध्ये सह्या झाल्या आणि तो मार्च 2000 पासून अमलात आला. मोठा देश म्हणून भारताने आपले बहुतेक शुल्क तीन वर्षांत शून्यावर आणायचे आणि श्रीलंकेला आठ वर्षांची मुदत द्यायची, असे ठरले. हे औदार्य खरेच होते. पण ते कुठे थांबले तेही पाहा. श्रीलंकेची जगात ओळख आहे ती चहा आणि तयार कपडे यांसाठी. या दोन्हींवर भारताने मर्यादा घातल्या: चहा वर्षाला दीड कोटी किलो, कपडे 80 लाख नग, आणि तेही ठरावीक बंदरांतूनच. आपल्याकडचे चहाचे मळे आणि कापड गिरण्या यांचा दबाव समजण्यासारखा आहे. परिणाम असा झाला की, श्रीलंका ज्यात तरबेज तो माल दारातच अडला आणि ज्याचा वाटाघाटींत फारसा कोणी विचार केला नव्हता तो माल आत आला.

तो माल म्हणजे वनस्पती तूप आणि तांबे. कच्च्या पाम तेलावर भारतात चढे शुल्क होते, श्रीलंकेत ते बरेच कमी. साहजिकच भारतीय उद्योजकांनीच श्रीलंकेत कारखाने काढले, आग्नेय आशियातून पाम तेल आणले, त्याचे वनस्पती तूप केले आणि ते शून्य शुल्काने भारतात पाठवले. यात कायदा मोडला असे सरसकट म्हणता येत नाही. श्रीलंकेत निर्यात किमतीच्या किमान 35 टक्के मूल्यवर्धन व्हावे (म्हणजे निर्यात किमतीतून बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत वजा जाता तेवढा भाग उरावा) आणि सीमाशुल्काच्या यादीतील मालाचा चार अंकी वर्ग बदलावा, असा नियम होता. पाम तेल 1511 या वर्गात येते आणि वनस्पती तूप 1516 मध्ये, म्हणजे दुसरी अट आपोआप पुरी झाली. पहिल्या अटीतली गंमत अधिक सूक्ष्म आहे. मूल्यवर्धन मोजायचे ते निर्यात किमतीवर, आणि निर्यात किंमत चढी ठेवता येत होती, कारण भारतीय बाजारपेठ शुल्काच्या भिंतीआड महाग होती. ज्या भिंतीला वळसा घालायचा, तीच टक्केवारी भरून काढायला मदत करत होती! पुढे भारताने या तुपावर कोटा लावला आणि तो उद्योग आला तसाच ओसरला. नेपाळच्या बाबतीतही हेच घडले होते. 2002 मध्ये व्यापार कराराचे नूतनीकरण करताना तिथल्या वनस्पती तुपावर वर्षाला एक लाख टनांची मर्यादा आली.

इतके झाल्यावर धडा घेतला गेला असेल, असे आपल्याला वाटेल. पण 2006 मध्ये साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार, अमलात आला, त्यात नेपाळसारख्या अल्पविकसित देशांना मूल्यवर्धनाची अट आणखी सैल मिळाली, आणि 2019 च्या सुमारास नेपाळमधून भारतात शुद्ध केलेल्या पाम तेलाचा ओघ सुरू झाला. नेपाळमध्ये पाम पिकत नाही. जानेवारी 2020 मध्ये भारताने अशा तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा ओघ सोयाबीन तेलाकडे वळला. आणि सप्टेंबर 2024 मध्ये भारताने खाद्यतेलांवरचे शुल्क वाढवताच नेपाळमार्गे येणारे तेल पुन्हा वाढले. यात नेपाळी उद्योजकाला दोष देण्यात अर्थ नाही. आपण शुल्क वाढवले की त्याचा नफा आपणच वाढवून देतो.

सभागृहात चाकण-पिंपरीतील उद्योजक आहेत, त्यांना याची झळ वेगळ्या रूपात बसते. अशा अनुभवांनंतर सप्टेंबर 2020 पासून सीमाशुल्काचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासून माल कोणत्या देशाचा हे सांगणारे, परदेशी विक्रेत्याकडून आलेले उगम प्रमाणपत्र जोडून भागत नाही; माल तिथे कसा घडला याची माहिती आयातदाराने स्वतः बाळगावी लागते. लहान कारखानदार कधी कधी हिशेब करतो आणि सवलत सोडून पूर्ण शुल्क भरणे पसंत करतो. करार कागदावर असूनही तो वापरला जात नाही, तो असा.

उलट उदाहरणही आहे. 2011 च्या अखेरीस भारताने साफ्टातील अल्पविकसित देशांसाठी दारू आणि तंबाखूचे 25 प्रकार वगळता सर्व वस्तूंना शून्य शुल्क दिले. त्यांतल्या बांगलादेशचे कपड्यांतले कौशल्य अस्सल होते, त्यामुळे तिथून येणारे तयार कपडे वाढत गेले. त्यांचा मोठा भाग पेट्रापोलसारख्या सीमानाक्यांवरून ट्रकने येई. मे 2025 मध्ये दोन देशांतील संबंध ताणलेले असताना भारताने जमिनीवरून येणारा हा मार्ग बंद केला. शुल्क आजही शून्यच आहे, पण ढाक्याच्या शर्टाला आता समुद्रमार्गे कोलकाता किंवा आपले न्हावा शेवा गाठावे लागते.